मथुराबाईंनी राखून ठेवलेला शेवट

मथुराबाई गेल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांच्या सेक्टरच्या चौकात फ्लेक्स लागला. फोटो कुठल्या तरी लग्नातला, नाकात नथ, मागे चिकटवलेलं निळं आकाश. खाली पुतण्यांची नावं आणि त्यावर ठळक अक्षरांत : शांत, सोशिक व क्षमाशील काकी. मी रिक्षा थांबवायला सांगितली आणि तो मजकूर पुन्हा एकदा वाचला. मथुराबाई शांत नव्हत्या. सोशिक तर मुळीच नव्हत्या. आणि क्षमा हा शब्द मी त्यांच्या तोंडून ऐकला तो फक्त शिवीसारखा. इतकी वर्षं एका छपराखाली राहून त्या घरातल्या पुरुषांना एवढंही कळलं नव्हतं. फ्लेक्स उतरवण्याची ताकद माझ्यात नाही. लिहिता मात्र येतं. म्हणून सावकाश, जमेल तसं, लिहिते आहे.

पनवेलच्या जुन्या भागात, तळ्यापासून जवळ, एक वाचनालय आहे. तिथल्या काउंटरवर माझं नोकरीचं सगळं आयुष्य गेलं. मथुराबाई पहिल्यांदा आल्या तेव्हा साठीच्या आसपास असतील. ठेंगण्या, रुंद खांद्यांच्या, हिरव्या काठाचं लुगडं आणि हातात नायलॉनची पिशवी. सभासद व्हायचंय म्हणाल्या. मी अर्ज पुढे केला आणि सही कुठे करायची तिथे बोट ठेवलं. त्यांनी माझं बोट बाजूला सारलं.

"आधी वाचते," त्या म्हणाल्या.

अर्जाच्या मागच्या बाजूला वाचनालयाचे नियम छापलेले असतात. ते कुणी वाचत नाही. मीही कधी सगळे वाचले नव्हते. त्या बाकावर बसल्या, पिशवीतून चष्मा काढला आणि ओठ हलवत पहिल्या नियमापासून सुरुवात केली. रांगेतले लोक कंटाळले. मग त्या उठून आल्या आणि म्हणाल्या, "यात लिवलंय, पुस्तक भिजवलं तर नवा आनून द्यायचा. मंग कुनी दुसऱ्याचा पुस्तक भिजवला तर?"

"म्हणजे?"

"म्हंजे माझ्या हातातला घेऊन कुनी पान्यात टाकला. तर त्यानं भरायचा का मी?"

नियमात याचं उत्तर नव्हतं. मी तसं सांगितलं. "बघा," त्या म्हणाल्या, जणू त्यांना हेच अपेक्षित होतं, आणि सही केली. वळणदार, शाळेतली सही.

मग त्यांनी पुस्तक मागितलं. पुस्तकाला नाव नव्हतं.

"इंदूची गोष्ट हाय. इधवा असते. दीर कोऱ्या कागदावर सही घेतो आन् घरातनं बाहेर काढतो. मंग ती कोर्टान जाते. त्या कोर्टापरत वाचलंय. पुढचं पायजे."

"लेखक कोण?"

"मना काय ठाव? पयली पानं फाटलेली व्हती. आन् शेवटची वाचून दिली नाय."

ही गोष्ट त्यांनी मला एकदम सांगितली नाही. पुस्तक बदलायला येत तेव्हा तुकड्या-तुकड्याने सांगत. त्यांचं माहेर उरणकडचं. वडिलांनी सातवीपर्यंत शिकवलं, मग खाडीकाठच्या एका गावात दिलं. सासरी मिठागरं होती. घरात कागद म्हणजे वाण्याच्या पुड्या, त्या वाचत. एकदा गावातली शाळेची खोली रंगवायला काढली तेव्हा जुन्या सामानात एक कादंबरी निघाली, पुढची पानं नसलेली. मास्तरांनी ती या नव्या सुनेला दिली. ती त्यांनी मिठागरावरच्या झोपडीत, दुपारी बाकीच्या बाया पाठ टेकत तेव्हा वाचली. इंदू कोर्टात उभी आहे. दोन्ही वकील बोलून झालेत. दीर पुढच्या बाकावर बसलाय. 'न्यायाधीशांनी चष्मा काढला,' असं वाक्य पानाच्या शेवटी होतं. आणि पान उलटायच्या आत थोरल्या दिराने, धर्माने, पुस्तक हातातून ओढलं.

"बाईमानसानं बुकं वाचली का घरान इख येतं," असं तो म्हणाला आणि पुस्तक मिठागराच्या खाऱ्या पाण्यात भिरकावलं.

संध्याकाळी मथुराबाईंनी ते बाहेर काढलं, उन्हात घातलं. पानं मीठ धरून एकमेकांना चिकटली, पुस्तकाची वीट झाली. ती वीट धर्माने आपल्या डुगडुगणाऱ्या खाटेच्या पायाखाली लावली. वर्षानुवर्षं तो त्या पुस्तकावर झोपला. मथुराबाई रोज सकाळी त्या खोलीत केर काढत.

"तवापासून त्यो जज चष्मा हातात घेऊन बसलाय बाय," त्या म्हणायच्या. "काय बोलला आसंल?"

मी काउंटरवर बसून हजारो वाचक पाहिले असतील. पुस्तकाचं वेड असणारे, वेळ घालवणारे, पुस्तकं मिरवणारे. पण एका न वाचलेल्या पानाचा इतका डूख धरून वाचणारं दुसरं माणूस पाहिलं नाही. त्या जे पुस्तक नेत, त्यात त्यांना एकच गोष्ट बघायची असे : ज्याने वाईट केलं त्याचं पुढे काय झालं. पुस्तकांची नावं त्यांच्या लक्षात राहत नसत. 'ती टांग्यातनं पळून जाते ती', 'सासूला घराबाहेर काढनारी' अशी मागणी असे आणि मी ओळखून देत असे. परत करताना निकाल सांगत.

"हे घ्या. फुकट गेला. हिनं माफ केलं."

"कुणाला?"

"नवऱ्याला! मेलेल्या पोराची आन घालून माफ केलं. जल्लं तिचं त्वांड. एवढी जाड गोष्ट वाचाया लावली आन् शेवटाला पदर डोळ्याला लावते. लिवनारा बाप्या हाय ना?"

"हो."

"वाटलंच."

एकदा त्यांना एक लेखिका भेटल्या, वाचनालयाच्या वार्षिक कार्यक्रमाला आलेल्या पाहुण्या. बाईंनी भाषणात म्हटलं, वाचनाने मन मोठं होतं, माणूस क्षमा करायला शिकतो. मागच्या रांगेतून मथुराबाई उठल्या. "मी शिकले नाय," एवढंच म्हणाल्या आणि परत बसल्या. लोक हसले. त्या हसल्या नव्हत्या.

त्यांचे यजमान लवकर गेले. मूलबाळ नव्हतं. नंतर जमिनी सरकारकडे गेल्या, गाव उठलं आणि मोबदल्याच्या पैशावर धर्मा हा धर्माशेठ झाला. त्या काळातला एक प्रसंग त्यांची धाकटी पुतणसून प्रणाली हिने मला सांगितला. तिने तो सासूकडून ऐकलेला. धर्माशेठने वकील घरी आणला होता. घरातल्या बायकांनी हक्क सोडल्याचे कागद तयार होते. बहिणींनी सह्या केल्या. भावाने मागितल्यावर बहिणीने सही करायची, अशीच गावाची रीत होती, त्या बदल्यात माहेरची साडी येते. मथुराबाईंची पाळी आली.

"वाचते," त्या म्हणाल्या.

"वाचायचं काय त्यात वहिनी," वकील म्हणाला, "सगळं कायद्याच्या भाषेत आहे."

"मंग हळू वाचते."

त्यांनी मोठ्याने वाचायला घेतलं. स्वयंपाकघरातल्या बायकाही दारात येऊन उभ्या राहिल्या. 'स्वखुशीने' हा शब्द आला तेव्हा त्या थांबल्या आणि धर्माशेठकडे पाहून म्हणाल्या, "माझ्या खुशीचा तुमाला कसा कलला? मना तर आजून कलला नाय." सही न करता कागद परत दिला. नवऱ्याचा वाटा त्यांच्या नावावर राहिला. धर्माशेठने वर्षभर त्यांच्या हातचं पाणी घेतलं नाही.

मी हे ऐकून त्यांना म्हटलं, "मथुराबाई, म्हणजे तुमचा सूड झाला की."

त्यांनी माझ्याकडे अशी नजर टाकली की मी खुर्चीत मागे सरकले. "त्यो सूड नाय बाय. त्यो हक्क. आन् त्यो पन इंदूमुलं. तिनं न वाचता सही केली, तवा मी ठरवलं व्हतं, आपन गॅसच्या पावतीवर पन वाचल्याबिगर करायची नाय. सूड येगला. सूड पुस्तकाचा हाय."

ती कादंबरी मला सापडली ती निवृत्तीच्या आदल्या वर्षी. नवीन पनवेलमधल्या एका कुटुंबाने वडिलांची पुस्तकं खोक्यांत भरून दिली. एका दुपारी ती चाळताना इंदू नाव दिसलं. मग कोरा कागद, दीर, कोर्ट. मी ते घरी नेऊन पहिल्या पानापासून वाचलं. कादंबरी बरी होती, फार मोठी नव्हती. तिचं नाव मथुराबाईंनी कधी वापरलं नाही, म्हणून मीही इथे लिहीत नाही.

आणि मग शेवट आला. न्यायाधीशांनी चष्मा काढला आणि निकाल इंदूच्या बाजूने दिला. पुढची दोन पानं मात्र मला वाचवेनात. इंदू घराच्या उंबऱ्यावर उभी राहते, दीर तिच्या पायांवर लोळण घेतो, ती त्याला उठवते, किल्ल्या त्याच्याच हातात देते आणि देवळात कीर्तन ऐकत उरलेलं आयुष्य काढायला निघून जाते. 'तिच्या मनात आता कुणाविषयीही कटुता नव्हती.' हे शेवटचं वाक्य.

मी पुस्तक मिटलं. एवढी वर्षं ज्या पानासाठी एक बाई थांबली होती, त्या पानावर तिच्यासाठी हे वाढून ठेवलं होतं. लेखकाचा मला इतका राग दुसऱ्या कुठल्याच पुस्तकामुळे आलेला नाही. ती पानं काढून टाकावीत असंही मनात आलं. पण पुस्तकांची राखण करण्यात माझं आयुष्य गेलं. ते हातून झालं नाही. पुस्तक त्यांना दिलं आणि शेवटाबद्दल एक अक्षर बोलले नाही.

त्यांनी ते दोन्ही हातांनी घेतलं. मागून उघडलं नाही. पहिलं पान उघडून पाहिलं, जे त्यांनी कधीच वाचलं नव्हतं. "हितनं सुरू व्हतं व्हय," म्हणाल्या. मग पिशवीत ठेवून विचारलं, "धर्माशेठला झटका आलाय, कलला ना?"

धर्माशेठची उजवी बाजू आणि वाचा गेली होती. कान आणि डोळे शाबूत होते. मुलगे रेती-खडीच्या धंद्यात, बायको आधीच गेलेली, दोन्ही सुनांना घर आवरून दुपारी डोळा लागायचा. दुपारचं सोबतीला कुणी बसायचं, असा प्रश्न निघाला तेव्हा मथुराबाई म्हणाल्या, "मी बसते. वाचून दाखवीन काय तरी." पुतणे गहिवरले. काकीचं मन केवढं मोठं, असं त्यांनी चार ठिकाणी सांगितलं. फ्लेक्सवरचे शब्द तिथून आले असणार.

मी समाचाराला गेले तेव्हा वाचन मध्यावर आलं होतं. तळमजल्यावरची खोली, नवा पलंग, हॉस्पिटलसारखा वर-खाली होणारा. मथुराबाई खुर्चीवर बसून खणखणीत वाचत होत्या. धर्माशेठ भिंतीकडे तोंड करून पडला होता, पण कान इकडे होता. दाराबाहेर दोन्ही सुना, रंजना आणि प्रणाली, वालाचं बिरडं सोलत बसल्या होत्या. दुपारची झोप दोघींनी सोडली होती.

"काकी, जरा हळू," रंजना म्हणाली, "कोऱ्या कागदाचा परत वाचा ना."

मथुराबाईंनी ते पान परत वाचलं, आधीपेक्षा मोठ्याने.

पुढच्या खेपेला गेले तेव्हा धर्माशेठचं तोंड भिंतीकडे नव्हतं. डोळे मथुराबाईंच्या ओठांवर होते. त्या पान उलटताना थांबल्या की त्याच्या घशातून घरघर येई. डाव्या हाताने तो चादर ओढी. मी गावाकडचे कितीतरी म्हातारे पाहिले आहेत, गोष्ट ऐकताना लहान मुलासारखे होणारे. हाही तसाच झाला होता. मथुराबाई कोर्टापर्यंत आल्या होत्या. एका वकिलाचं झालं. दुसऱ्याचं झालं. दीर पुढच्या बाकावर बसला. "'न्यायाधीशांनी चष्मा काढला,'" मथुराबाईंनी वाचलं.

आणि पुस्तक मिटलं.

त्या उठल्या, पुस्तक समोरच्या कपाटावर ठेवलं, त्याला पलंगावरून दिसेल असं. धर्माशेठ घरघरला. डावा हात कपाटाकडे उठला.

"काय पायजे?" त्या म्हणाल्या. "पानी?"

हात कपाटाकडेच.

"पंखा वाढवू?"

तो डोळ्यांनी विनवत होता, हे कुणालाही दिसलं असतं. मथुराबाई त्याच्या अगदी जवळ वाकल्या. आवाज चढवला नाही. "मी नवी नवरी व्हते तवापासून थांबलेय भावजी. तुमी आता सुरू करा."

त्यानंतर त्या रोज दुपारी वेळेवर त्याच खुर्चीत येऊन बसत. वाल सोलत. एक शब्द वाचत नसत. तो रोज कपाटाकडे हात करी, त्या रोज पाणी विचारत. सुना काकुळतीला आल्या होत्या, पण त्यांच्याही पुढे त्यांनी पुस्तक उघडलं नाही. मला याचं वाईट वाटायला हवं होतं. मी घरी जाताना मनात शोधून पाहिलं. वाईट वाटत नव्हतं. खाटेच्या पायाखालची वीट डोळ्यांपुढे येत होती.

"तुम्ही तरी वाचलात का शेवट?" मी फोनवर विचारलं.

"नाय. त्यो जिता हाय तवर नाय. माझ्या तोंडावर चुकून दिसला आसता तर? त्यानं वलकला आसता. एवडा पन त्याला द्यायचा नाय."

पावसाळा संपता संपता धर्माशेठ गेला. कपाटाकडे हात करूनच गेला, असं प्रणाली म्हणते. ती तेव्हा तिथे होती.

दहाव्याच्या दिवशी मी भेटायला गेले. पुरुष मंडळी विधीला खाडीवर गेली होती. बाहेर मांडव, खुर्च्या रिकाम्या. बायका आत, धर्माशेठच्याच खोलीत, पलंग काढून टाकल्यावर मोकळ्या झालेल्या फरशीवर बसलेल्या. दोन्ही सुना, सह्या केलेल्या त्या दोन बहिणी, आता पांढऱ्या केसांच्या, आणि शेजारपाजारच्या चार-सहा जणी. भिंतीला हार घातलेला फोटो. त्या फोटोसमोर मथुराबाई मांडी घालून बसल्या होत्या आणि मांडीवर पुस्तक उघडं होतं. बायकांना वाटलं असावं आता पोथी होईल. सुनांना माहीत होतं काय होणार ते. रंजनाने मला जागा करून दिली.

"बस बाय," मथुराबाई म्हणाल्या. "येलेवर आलीस."

त्या खोलीत त्या पुस्तकाचा शेवट फक्त मला माहीत होता.

"'न्यायाधीशांनी चष्मा काढला,'" त्यांनी सुरुवात केली आणि पान उलटलं. इतक्या वर्षांनी ते पान उलटलं जात होतं, पण त्यांचा आवाज जराही हलला नाही. निकाल वाचला. घर इंदूचं, विहीर इंदूची, कोऱ्या कागदावरची सही रद्द.

"बरा झाला मेल्याला!" थोरली बहीण म्हणाली आणि फोटोकडे बघून पटकन तोंडावर पदर धरला. प्रणाली हसली. मग सगळ्याच हसल्या, दहाव्याच्या घरात शोभणार नाही इतक्या.

मथुराबाई पुढे वाचू लागल्या. इंदू उंबऱ्यावर आली. समोरून दीर येताना दिसला. त्याने इंदूच्या पायांवर लोळण घेतली. मग त्या थांबल्या. मी पाहिलं, त्यांची नजर ओळींवरून पुढे धावत गेली, पानाच्या तळापर्यंत, मग पान जरा उचलून पुढच्या पानावर. चेहरा हळूहळू राखेसारखा झाला.

"मंग काकी?" प्रणाली म्हणाली. "उठवला का त्याला?"

मथुराबाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. हे तुला ठाव व्हतं, एवढंच त्या नजरेत होतं. मी मान खाली घातली.

मग त्यांनी बोट ओठांना लावून ओलं केलं, पानाचा कोपरा सारखा केला आणि त्याच आवाजात, त्याच लयीत पुढे वाचू लागल्या. डोळे ओळीवर. त्या वाचत होत्या त्यातलं एकही अक्षर त्या पानावर नव्हतं.

"'इंदूने पाय मागे घेतले. ती म्हणाली, भावजी, उठा, फरशी नुकतीच पुसलीय. दीर म्हणाला, मना माफ कर. इंदू म्हणाली, तुमी माझी सही मागितली तवा मी दिली. आता तुमी मागाल ते मी देनार नाय. ती आत गेली. किल्ल्या तिनं कमरेला लावल्या.'"

पुस्तकातले लोक शुद्ध बोलत. ते आता गावासारखं बोलू लागले होते. कुणाच्या ते लक्षात आलं नाही. दोन पानांचा मजकूर त्यांनी पुरेपूर वाचला. जिथे पान संपायला हवं तिथे उलटलं. शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं, जिथे छापलेलं होतं की तिच्या मनात कुणाविषयीही कटुता नव्हती.

"'बाहेर दीर रडत व्हता,'" मथुराबाईंनी वाचलं. "'इंदू सुनेला म्हनाली, दार लावून घे गो, वारा येतोय.' संपला."

"अशीच पायजे," रंजना म्हणाली. धाकट्या बहिणीने डोळे पुसले आणि पुस्तक हातात मागितलं. तिला वाचता येत नव्हतं. तिने नुसता त्या शेवटच्या पानावरून हात फिरवला.

मांडवाबाहेर गाड्या थांबल्याचा आवाज आला. खाडीवरून पुरुष परतले होते. कुणीतरी दार वाजवलं, मग जरा जोरात वाजवलं, मग रंजनाला हाक मारली. त्या दिवसानंतर मथुराबाईंचे गुडघे गेले, वाचनालयात येणं थांबलं, आणि मी त्यांना पुन्हा पाहिलं नाही. त्यामुळे माझ्याजवळ आहे ते हे : हार घातलेल्या फोटोसमोर मांडी घालून बसलेल्या मथुराबाई, भोवती बायकांचा गराडा, बाहेर दार वाजतंय, आणि प्रणाली म्हणतेय, "काकी, ते किल्ल्यांचं परत वाचा ना."

त्यांनी पान मागे उलटलं आणि परत वाचायला घेतलं. दार उघडायला कुणी उठलं नाही.